मामा, पेटला कसा नाही?

मागच्या कापसाच्या हंगामात आमचा ट्रॅक्टर पांदण रस्त्यावरून नाल्यात पलटी झाला. हिंगणघाटला जिनिंगवर न्यायचा कापूस ट्रॉलीच्या फळ्यांवरून पुरुषभर उंच रचलेला होता, आदल्या रात्रीच्या अवकाळी पावसाने काळी माती निसरडी झाली होती, आणि वेग म्हणाल तर बाजूने चालणारा माणूस सहज पुढे निघून जाईल एवढाच. ट्रॉलीचे चाक धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, घसरले, ट्रॉली कलली आणि जाता जाता ट्रॅक्टरलाही ओढून घेऊन गेली. सालदाराने वेळीच उडी मारली म्हणून तो वाचला. आजूबाजूच्या वावरांतून माणसे धावत आली आणि त्या गर्दीत माझ्या बारा वर्षांच्या भाच्याने विचारले, "मामा, पेटला कसा नाही?"

गाडी उलटली की तिचा भडका उडतो, हे त्याला मोबाइलवरच्या सिनेमांनी शिकवले आहे; मला ते जत्रेच्या टुरिंग टॉकीजने शिकवले होते. प्रत्यक्षात टाकीतले पातळ पेट्रोल असे फुटत नाही. त्याची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के या प्रमाणात मिसळली आणि नेमकी तेव्हाच ठिणगी पडली, तर ती पेट घेते. डिझेल त्याहून सुस्त. ते चांगले तापल्याशिवाय पेटण्याजोगी वाफच सोडत नाही. अपघातात गाड्या जळतात हे खरे, पण सिनेमातला तो नारिंगी गोळा वेगळा लावलेला असतो: टाकी रिकामी करतात किंवा शॉटपुरत्या इंधनाची छोटी टाकी बसवतात, आणि भडक्यासाठी थोडे पेट्रोल व स्फोटक निराळे ठेवून ते दुरून उडवतात. आमच्या नाल्यात टाकीच्या झाकणातून डिझेल थेंब थेंब गळत होते आणि एक शेजारी, वाया कशाला जाऊ द्यायचे म्हणून, त्याखाली डबा धरून बसला होता.

मला खरे नवल वाटते ते याचे, की सिनेमावाल्यांना मोटार पलटी करता करता घाम फुटतो. २००६ च्या 'कसिनो रोयाल' या बाँडपटात अ‍ॅस्टन मार्टिनची डीबीएस गाडी उलटवायची होती. ठेंगणी, रुंद, वजन जमिनीलगत, त्यामुळे रॅम्पवर चाक चढवूनही ती बेटी उलटेना. शेवटी तिच्या पोटात नायट्रोजनच्या दाबावर चालणारी तोफ बसवली, ताशी ११० किलोमीटरच्या वर वेग असताना त्या तोफेचा दांडा जमिनीवर आदळवला, आणि मग ती सात कोलांट्या खाऊन थांबली. गिनेस बुकात तो विक्रम नोंदवला गेला. नायट्रोजनच्या आधी हेच काम बारूद आणि लाकडी ओंडक्यावर चालत असे.

१९७४ च्या 'द मॅन विथ द गोल्डन गन' मधली उडी मात्र मला अधिक आवडते. मोडक्या पुलावरून उडालेली एएमसी हॉर्नेट हवेत स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेते आणि पलीकडे चारही चाकांवर उतरते. या उडीचे गणित आधी संगणकावर मांडले होते, आणि चालकाच्या वजनाने गाडी एका अंगाला झुकू नये म्हणून स्टिअरिंग व आसन मधोमध आणले होते. वेग होता ताशी चौसष्ट किलोमीटरच्या आसपास, आणि शॉट पहिल्याच फटक्यात मिळाला. एवढ्या कारागिरीवर पुढे शिटीचा गमतीदार आवाज घालून कोणी तिचे हसे का केले, हे मला आजवर उमगलेले नाही.

त्या वजनाच्या हिशेबाची आठवण मला नाल्याच्या काठावर झाली. कापूस हलका म्हणून आपण तो उंच रचतो, ट्रॅक्टर स्वतःच उंच चाकांवर उभा, आणि दोघांचा तोल मिळून जमिनीपासून इतका वर जातो की धुऱ्याची उतरणही पुरेशी होते. तोफ लागत नाही.

स्टंटच्या गाडीत आणखी एक गोष्ट असते, जी पडद्यावर दिसू देत नाहीत. आतून पोलादी नळ्यांचा पिंजरा जोडलेला असतो, आणि चालकाला खांद्यावरून, कमरेवरून व मांड्यांमधून पट्ट्यांनी आसनाशी आवळून बांधतात. छत चेपले तरी पिंजऱ्यातला माणूस जागचा हलत नाही. ट्रॅक्टरसाठीही अशी चौकट आहे, आणि स्वीडनने ती नव्या ट्रॅक्टरांवर १९५९ सालीच सक्तीची केली. पट्टा न बांधता तिचा पुरता उपयोग होत नाही, कारण माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच चौकटीखाली सापडू शकतो. आमच्या ट्रॅक्टरला होती ती उन्हासाठी बसवलेली पत्र्याची छत्री. दुसऱ्या ट्रॅक्टरने साखळी लावून आमचा सरळ केला, तेव्हा ती छत्री चिखलात पापडासारखी सपाट होऊन पडली होती.

आठवड्याभराने तालुक्याच्या वेल्डरकडे गेलो. कंपनीची चौकट मागवायची आहे, ती बसवून देशील का, असे विचारल्यावर त्याने जुन्या छत्रीचा वाकलेला पाइप हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, सावलीच तं पायजे ना? यातच करून देतो."

भाचा सोबत होता. तो म्हणाला, "नाही काका, पिंजरा पायजे. पट्ट्यावाला."