सांताला मराठी येतं का?

२१ डिसेंबर, रात्री

लेक आत्ता कुठे झोपली. संध्याकाळी दोघींनी ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ पाहिला. १९४७ सालचा, कृष्णधवल. रंग नाहीत म्हणून आधी कुरकुर झाली, पण पंधरा मिनिटांत बाईसाहेब माझ्या कुशीतून उठून टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या.

गोष्ट न्यूयॉर्कची, म्हणजे न्यू जर्सीतल्या आमच्या घरापासून जवळचीच. मेसीज या मोठ्या दुकानाच्या थँक्सगिव्हिंग मिरवणुकीतला सांता ऐन वेळी दारू प्यायलेला निघतो, म्हणून एका दाढीवाल्या आजोबांना रथावर बसवतात. आजोबा म्हणतात, मी खराच सांता आहे. ही मिरवणूक १९४६ च्या खऱ्या मिरवणुकीतच चित्रित केली होती आणि आजोबांचं काम करणारे एडमंड ग्वेन त्या दिवशी खरोखर न्यूयॉर्कच्या पोरांचे सांता झाले होते. या कामासाठी त्यांना ऑस्करही मिळालं.

सुझन या चिमुरडीला तिच्या आईने, डोरिसने, परीकथासुद्धा सांगितलेल्या नाहीत. खरं तेच सांगायचं, म्हणजे पुढे पोरीचा विरस होत नाही, असं तिचं म्हणणं. मला डोरिस फार जवळची वाटते. माझ्या आईने मला कधी बागुलबुवाची भीती घातली नाही, आणि मीही लेकीला सांता आहे असं सांगितलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही. तिने विचारलं की मी विषय बदलते.

पण आज एका प्रसंगाने मला पार हलवलं. दुकानात सांताला भेटायला मुलांची रांग लागलेली. एक बाई एका लहानग्या डच मुलीला घेऊन येते. पोर रॉटरडॅमच्या अनाथाश्रमातून आलेली, या बाईने दत्तक घेतलेली. ती तिथे कधीपासून होती हे सांगता सांगता बाई वाक्य अर्धवटच सोडते. युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झालेली, तेव्हाच्या प्रेक्षकांना पुढचं सांगावं लागलं नसणार. तुमच्याशी बोलता येणार नाही असं मी तिला सांगितलंय, असं ती ओशाळून म्हणते. आणि आजोबा त्या मुलीकडे वळून सरळ डचमध्ये बोलायला लागतात. पोरीचा चेहरा असा काही उजळतो! मग दोघं मिळून सिंटरक्लासचं, म्हणजे डच लोकांच्या सांताचं, गाणं म्हणतात. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही आणि डोळे मात्र भरून आले. बाजूला उभी राहून सुझन हे सगळं बघत असते. तिच्या मनातली पहिली फट इथे पडते.

पुढे आजोबा खरेच सांता आहेत का यावरून कोर्ट आहे, वकील आहेत, सांताच्या नावाने आलेल्या पत्रांची पोतीच्या पोती टपालखातं न्यायाधीशांच्या टेबलावर ओततं. लेक खदखदून हसली. १९९४ च्या नव्या आवृत्तीत पत्रांऐवजी डॉलरच्या नोटेवरच्या ‘इन गॉड वी ट्रस्ट’ (देवावर आमचा विश्वास आहे) या वाक्याचा आधार घेतलाय, तो मला पटत नाही. मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पत्रांची सर छापील नोटेला कुठून येणार? त्यात सांता झालेत आपल्या ‘गांधी’चे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो, आणि एका मूकबधिर मुलीशी ते खुणांच्या भाषेत बोलतात. तेवढं मात्र फार सुंदर जमलंय.

झोपायच्या आधी लेकीने विचारलं, “आई, सांताला मराठी येतं का गं?”

आज विषय बदलवेना. म्हटलं, “लिहून बघ.”

शाळेत दिवसभर इंग्रजी. मराठी फक्त घरात आणि रविवारच्या मराठी शाळेत. तरी अर्धा तास जीभ बाहेर काढून लिहीत बसली. ‘प्रिय सांता, तू कसा आहेस? मला आजीच्या घरी जायचे आहे.’ ‘आहेस’मधली मात्रा दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर दिली. भेटवस्तूचं नावसुद्धा नाही. पाकिटावर पत्ता फक्त ‘उत्तर ध्रुव’.

पाकीट माझ्या उशाशी आहे. उत्तर द्यायचं, हे ठरलं. पण माझं अक्षर ती लांबूनही ओळखते. वरच्या मजल्यावर कोल्हापूरचे आजोबा लेकाकडे राहायला आलेत, त्यांचं अक्षर मोत्यासारखं, ‘ल’ अगदी जुन्या वळणाचा. उद्या ती शाळेला गेली की कागद-पेन घेऊन वर जाते.