पहाटे चारचं पाणी

गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात आमची बिनमाणसाची बोट फिरते. दोन फ्लोट, वर बॅटरी नि जीपीएस, खाली पाण्यात सेन्सर. लॅपटॉपवर मार्ग आखून दिला की वखराच्या पाळ्या घातल्यासारखी या काठापासून त्या काठापर्यंत जाते-येते आणि तापमान, पीएच, गढूळपणा, विरघळलेला ऑक्सिजन नोंदवते. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत आणि शेवटी या धरणात येतं, म्हणून हा खटाटोप.

समुद्रात असंच काम आर्गो फ्लोट, म्हणजे आपोआप खाली-वर होणारी तरंगती यंत्रं, करतात. २००० मीटर खाली जायचं, साधारण दर १० दिवसांनी वर येऊन उपग्रहाकडे आकडे पाठवायचे. काही फ्लोट ऑक्सिजनही मोजतात. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी संस्था हे काम पाहते. त्या फ्लोटना जलपर्णी छळत नाही, एवढं मात्र खरं! आमच्या पंख्याला तिच्या मुळ्या अशा गुंडाळतात की विळ्यानेच कापाव्या लागतात.

तर, दुपारचे आकडे छान येत होते. आणि ढिवरांच्या जाळ्यात मेलेले मासे येत होते. एका म्हाताऱ्या काकाजींनी मला काठावरच गाठलं. "बाबू, दुपारी पाणी पाहून काय समजते? कोंबडा आरवते त्या टाइमाले पाय. मासा कसा तोंड वर काढते ते दिसन."

त्या रात्री बोट सोडली. डास मारत स्क्रीनसमोर बसलो. मध्यरात्रीनंतर ऑक्सिजनची रेघ उतरायला लागली आणि चारच्या सुमारास फुगवट्याच्या एका फाट्यात लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेली. मासे जगण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने धरलेली किमान मर्यादा तीच. सेन्सरवर संशय घेणं आलंच. बोट काठाला बोलावली. सेन्सरच्या टोकावर बुळबुळीत थर होता, तो मऊ फडक्याने पुसला आणि पुन्हा त्याच फाट्यात पाठवली. रेघ तिथेच.

कारण साधं आहे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं. ते उन्हात ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारी पाणी निरोगी दिसतं. रात्री तेच शेवाळ आणि मैला कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन ओढून घेतात, नि सूर्य उगवायच्या आधी पाणी सगळ्यात वाईट असतं. नमुन्याची बाटली घेऊन माणूस येतो तो अकरा वाजता, चहा घेऊन.

उजाडताना काकाजी डोंगा घेऊन आले. नकाशावरचा लाल पट्टा त्यांना दाखवला. "हे तं मी सांगतलंच होतं ना!" म्हणाले, आणि डोंग्यातली बोटरी मासळी निवडायला लागले.

अहवालात दिवसाची सरासरी टाका, असं मला सांगण्यात आलं. सरासरीत तो फाटा उत्तम ठरत होता. मी पहाटे तीन ते सहाचा आलेख वेगळा जोडला. आता मार्ग आखण्याआधी काकाजींना फोन करतो. जाळी कुठे लावलीत तेही कळतं. पंख्यात जाळं गेलं तर भरपाई कोणत्या हेडमधून द्यायची, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.