जर्मनीत हिवताप आणि चौदा दिवसांच्या गोळ्या – माझा अनुभव

जुलैमध्ये महिनाभर दादरला घरी होतो. मलेरिया होऊ नये म्हणून आधी घ्यायच्या गोळ्या वगैरे काही घेतल्या नव्हत्या, स्वतःच्या घरी जाताना कोण घेतं. स्टुटगार्टला परत आलो, सगळं ठीक, आणि ऑक्टोबरच्या मध्यात एका संध्याकाळी अशी थंडी भरली की दोन रजया घेऊनही दात वाजत होते, मग ताप 40 च्या वर, मग घामाने गादी ओली आणि दुसऱ्या दिवशी एकदम टवटवीत. इथल्या फॅमिली डॉक्टरने फ्लू म्हणून आठवड्याची रजा लिहून दिली. पण एक दिवस सोडून पुन्हा तेच, साधारण त्याच वेळेला. आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, अरे हा हिवताप आहे, आधी रक्त तपास.

मग सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलो आणि स्वतःच सांगितलं, भारतातून आलोय, मलेरियाची टेस्ट करा. त्यांना अडीच महिन्यांपूर्वीचा प्रवास फार जुना वाटत होता, पण रक्ताच्या स्लाइडमध्ये व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाच्या जंतूचा एक प्रकार, निघाला. हा लिव्हरमध्ये लपून बसतो आणि महिन्यांनी सुद्धा उठतो. अ‍ॅडमिट करून घेतलं. नंतर शिकाऊ डॉक्टरांची रांगच लागली, परवानगी विचारून एकेक जण माझी पानथरी चाचपून गेला, मलेरियाचा पेशंट पहिल्यांदाच बघतोय म्हणाले.

गोळ्या होत्या रिआमेट. एका वेळी चार, पहिल्या डोसनंतर आठ तासांनी दुसरा, मग सकाळ-संध्याकाळ, अशा 60 तासांत 24. सोबत स्निग्ध काहीतरी पोटात हवंच, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. रात्रीच्या जेवणाला थंड ब्रेड आणि काकडीचं लोणचं, ते बघूनच मळमळायचं, शेवटी नर्सने लोणी आणि सायीचं दूध आणून दिलं. आई तिकडून ओरडतेय, मऊभात-तूप नाही का मिळत तुमच्यात!

ताप तर दोन दिवसांत उतरला, खरी गंमत पुढे. लिव्हरमधले जंतू मारायला प्रायमाक्विन लागतं, आणि ते द्यायच्या आधी जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची रक्ततपासणी, कारण ते कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात. रिपोर्ट नॉर्मल आला पण गोळीच नाही! इथे ती बाजारात मिळतच नाही, केमिस्टने बाहेरच्या देशातून मागवली, पाच दिवस गेले. आपल्याकडे महापालिकेच्या दवाखान्यात हीच गोळी फुकट हातावर ठेवतात, आणि बाबांना मलेरिया झाला होता तेव्हा त्यांनी ताप गेला म्हणून ती चार दिवसांत सोडली होती, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पांघरुणात. त्यामुळे मी फ्रीजवर चौदा चौकोन काढून लावले, रोज पोहे खाऊन दोन गोळ्या आणि एक फुली, रिकाम्या पोटी घेतली तर पोट जाम दुखतं, एकदा बघितलं करून.

पुढे कधीही ताप आला, वर्षभराने जरी, तर आल्या आल्या मलेरिया झाला होता हे सांगायचं, असं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवलाय.