नवव्या प्रश्नाचे उत्तर कोणापर्यंत पोहोचते?

आमच्या मानसिक आरोग्य केंद्रासाठी उपचारांचा परिणाम मोजणारे सॉफ्टवेअर निवडण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मी पहिली निवड चुकीची केली. विक्रेत्याने दाखवलेल्या प्रात्यक्षिकात सगळ्या केंद्राची सरासरी एकाच पडद्यावर दिसत होती, आणि मला तेच महत्त्वाचे वाटले. सहा महिन्यांनंतर परिस्थिती अशी होती की रुग्ण प्रश्नावल्या नियमाने भरत होते, मात्र सत्रात त्यांचा उल्लेख कोणीच करत नव्हते. गुण पाहायचे तर समुपदेशकाला वेगळा पासवर्ड टाकून वेगळ्या ठिकाणी जावे लागे, आणि दोन सत्रांमधल्या दहा मिनिटांत टिपणे पूर्ण करण्यालाच प्राधान्य मिळे. एके दिवशी एका रुग्ण महिलेने मला विचारले, "मी दर वेळी हे सगळे खरे-खरे भरते, पण ते वाचते कोण?" त्या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नव्हते. दुसऱ्यांदा निवड करताना मी हाच प्रश्न प्रत्येक विक्रेत्यासमोर ठेवला.

मोजमापाची गरजच काय, असे आमच्यातील काही अनुभवी सहकारी विचारत, आणि ती शंका मी गांभीर्याने घेतो. त्यांना मी २००५ साली हॅनन, लँबर्ट आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाविषयी सांगतो. उपचार घेणाऱ्या ५५० जणांपैकी कोणाची प्रकृती उपचारांअखेर पूर्वीपेक्षा बिघडलेली असेल, याचा अंदाज त्यांच्याच उपचारकांना विचारण्यात आला होता. उपचारकांनी ३ जणांविषयी तसे भाकीत केले, प्रत्यक्षात ४० जणांची प्रकृती बिघडली आणि भाकितापैकी केवळ १ खरे ठरले. हे उपचारक बेफिकीर नव्हते. समोरच्या माणसाविषयी आशा बाळगणे हा आपल्या कामाचाच भाग आहे, आणि त्या आशेमुळेच घसरण डोळ्यांआड होते. म्हणून सॉफ्टवेअरकडून माझी पहिली अपेक्षा ही आहे की ज्याची प्रकृती सुधारत नाही त्याचे नाव त्याने वेळेवर समोर आणावे.

सॉफ्टवेअरच्या आधी प्रश्नावली ठरवावी लागते. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या प्रश्नावल्या विनामूल्य वापरता येतात. नैराश्य मोजणारी बीडीआय-२ किंवा एकूण मानसिक त्रास मोजणारी ओक्यू-४५ या प्रश्नावल्यांसाठी परवाना घ्यावा लागतो, आणि तो खर्च सॉफ्टवेअरच्या किमतीत धरलेला आहे की नाही हे लेखी विचारून घ्यावे. पीएचक्यू-९ मागील दोन आठवड्यांविषयी विचारते. ती दर आठवड्याला पाठवली तर एकच वाईट आठवडा दोनदा मोजला जातो, हे आलेख वाचणाऱ्याच्या लक्षात असायला हवे. प्रश्नांचे शब्द "सोपे" करून देण्याची तयारी काही विक्रेते दाखवतात. ती नाकारावी, कारण शब्द बदलले की गुणांच्या पडताळून ठरवलेल्या मर्यादा लागू राहत नाहीत.

आता नवव्या प्रश्नाकडे येतो. पीएचक्यू-९ मधील शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात, आणि गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. एकूण गुण २७ पैकी ६ आले, तर ते सौम्य गटात मोडतात आणि बहुतेक पडद्यांवर हिरवे दिसतात. पण त्या ६ पैकी ३ गुण एकट्या नवव्या प्रश्नाचे असू शकतात, म्हणजे तो विचार जवळजवळ रोज येत असू शकतो. माझी चाचणी साधी होती. मी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एक काल्पनिक रुग्ण तयार केला, शनिवारी रात्री त्याच्या नावाने प्रश्नावली भरली, बाकी उत्तरे सौम्य ठेवली आणि नवव्या प्रश्नाला सर्वांत गंभीर उत्तर दिले. एका सॉफ्टवेअरने "प्रश्नावली भरल्याबद्दल आभार" एवढेच म्हटले आणि सोमवारी सकाळपर्यंत कोणालाही काही कळवले नाही. दुसऱ्याने सूचना पाठवली, पण ती स्वागतकक्षाच्या सामायिक ईमेलवर पाठवली, आणि हे मला पहिल्यापेक्षा अधिक चिंताजनक वाटले. जे आम्ही निवडले त्याने त्याच क्षणी रुग्णाच्या पडद्यावर तातडीच्या मदतीची माहिती दाखवली आणि संबंधित समुपदेशक व पर्यायी व्यक्ती अशा दोघांना कळवले. त्यांपैकी कोणी ते पाहिले आणि केव्हा पाहिले, याची नोंदही ठेवली. अर्थात सुट्टीच्या दिवशी ही पर्यायी व्यक्ती कोण असेल, हे कोणतेही सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही. त्यावर आमच्या तीन बैठका झाल्या, आणि त्या करार करण्यापूर्वी झाल्या हे बरे झाले.

"सुधारणा" हा शब्द सॉफ्टवेअर कशाच्या आधारे वापरते, हेही खोदून विचारावे. पीएचक्यू-९ चे गुण ११ वरून ९ वर आले, तर १० ची, म्हणजे मध्यम नैराश्य जिथून सुरू होते ती, सीमा ओलांडली जाते आणि पडद्यावर हिरवा बाण येतो, पण २ गुणांचा फरक एखाद्या बऱ्या दिवसामुळेही पडू शकतो. याउलट २२ वरून १५ वर आलेला माणूस अजूनही तीव्रतेच्या वरच्या गटातच गणला जातो, तरी त्याच्यात झालेला बदल खरा आहे. या प्रश्नावलीत साधारणपणे ५ गुणांचा फरक अर्थपूर्ण मानतात. मोजमापातील चुकीपेक्षा मोठा बदल कसा ओळखावा, याची पद्धत जेकबसन आणि ट्रुअक्स या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडली होती. ती वापरता का, असे विचारल्यावर दोन विक्रेत्यांना प्रश्नच समजला नाही.

मध्येच येणे थांबवणाऱ्यांचे काय होते, हाही मोठा प्रश्न आहे. शेवटची प्रश्नावली भरणाऱ्यांचीच सरासरी काढली, तर नाराज होऊन निघून गेलेले लोक हिशेबातून गळतात आणि केंद्र आहे त्यापेक्षा चांगले दिसते. त्यामुळे प्रत्येक सत्राला गुण नोंदवणे आणि व्यक्ती आली नाही तर शेवटचे उपलब्ध गुण धरणे आवश्यक आहे. समुपदेशकांची क्रमवारी लावणारे पान मात्र मी बंद करून घेतले. सर्वांत गंभीर रुग्ण जिच्याकडे पाठवले जातात, ती सहकारी त्या यादीत तळाला दिसली असती, आणि मग अवघड रुग्ण घ्यायला कोण पुढे आले असते?

बाकीच्या गोष्टी लवकर तपासून होतात. प्रत्येक प्रश्नाचे वेगळे उत्तर सीएसव्ही (कोणत्याही तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या) फाइलमध्ये बाहेर काढता येते का, हे स्वतः करून पाहावे. केवळ एकूण गुण मिळत असतील, तर सॉफ्टवेअर बदलताना अनेक वर्षांची माहिती निरुपयोगी होते. आठवणीच्या संदेशात केंद्राचे नाव किंवा आजाराचा उल्लेख नसावा, कारण फोन घरातील दुसऱ्या कोणाच्या हातात असू शकतो. ज्यांना फोनवर भरणे जमत नाही, त्यांची कागदावरची उत्तरे चढवण्याची सोय असावी.

आता सत्राची टिपणे लिहायचे पान उघडले की त्याच पानावर वरच्या बाजूला मागील गुणांची रेषा दिसते, आणि तिच्यासाठी वेगळे काही उघडावे लागत नाही. "ते वाचते कोण?" असे विचारणाऱ्या त्या महिलेला मागच्या महिन्यात तिच्या समुपदेशकाने सत्राच्या सुरुवातीलाच म्हटले, "झोपेच्या प्रश्नाला तुम्ही या वेळी वेगळे उत्तर दिले आहे, त्याविषयी बोलू या का?" त्या दिवशी पूर्ण सत्र झोपेवरच झाले.