खराट्याला हळदकुंकू नाही

आज कराडच्या बाजारात खराटा घेतला. मावशींनी आधी विचारलं, "फरशीला का गोठ्याला?" गोठ्याला म्हटल्यावर नारळाच्या हिरांचा त्यांनीच बाजूला सारला आणि तुराट्यांचा काढला. बूड जमिनीवर दोनदा आपटलं, काड्या सारख्या झाल्या, मग सुतळी दातात धरून अशी आवळली की माझीच बोटं दुखली.

लक्ष्मीपूजनाला मान केरसुणीचा. शेण-पाचोळा उचलणाऱ्या या गड्याला कुणी विचारत नाही. उलट वाळलेला माणूस खराटा, तेल न लावलेले केस खराटा, पानं झडलेलं झाड खराटा! मला तरी हा अन्याय वाटतो. त्यातल्या त्यात इज्जत दिली ती गाडगेबाबांनी. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, कीर्तन रात्री. त्यांच्या नावाचं 'रयत शिक्षण संस्थे'चं कॉलेज कराडातच आहे, १९५४ सालचं.

भावात घासाघीस केली नाही. घरी आईनं खराटा हातात तोलून बघितला नि म्हणाली, "मूठ बारीक हाय, पावसाळ्यापर्यंत टिकला तर बघ."