नऊ खुर्च्यांचे दुकान

सावजी रस्स्यावर वाढलेल्या नागपूरकराला सूपाच्या वाडग्याचे फारसे अप्रूप वाटणार नाही, अशी माझी समजूत होती. ती एप्रिल 2018 मध्ये टोकियोतील सुगामो येथे, अवघ्या नऊ खुर्च्यांच्या एका दुकानात मोडली. भाची नोकरीनिमित्त टोकियोत राहत होती आणि तिच्या आग्रहामुळेच मी तेथे पोहोचलो. दुकानाचे नाव ‘त्सुता’. युकी ओनिशी यांनी ते 2012 मध्ये सुरू केले, आणि डिसेंबर 2015 मध्ये जाहीर झालेल्या, उपाहारगृहांची प्रतवारी करणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेत त्याला एक तारा मिळाला. रामेनच्या, म्हणजे सूपातल्या नूडल्सच्या, दुकानाला हा मान मिळण्याची जगातील ती पहिलीच वेळ होती.

जेवायला मिळावे म्हणून आम्हाला सकाळी सातच्या सुमारास हजेरी लावावी लागली. त्या वेळी दुकानाबाहेर रंगीत चिठ्ठ्या वाटल्या जात. हजार येन अनामत ठेवायची, चिठ्ठीवर दिलेल्या वेळेला परत यायचे आणि चिठ्ठी दाखवून अनामत परत घ्यायची. मधल्या तीन-चार तासांत आम्ही जवळच्या जिझो-दोरी बाजारपेठेत हिंडलो. खरेदीला आलेल्या वृद्ध स्त्रियांची तेथील सावकाश गर्दी पाहून मला नागपूरच्या इतवारी बाजारातील सकाळ आठवली.

आत गेल्यावर यंत्रात पैसे टाकून पदार्थाचे तिकीट घ्यायचे होते. आम्ही शोयू, म्हणजे सोया सॉसच्या चवीचे रामेन निवडले. ओट्याला लागूनच बसायचे असल्यामुळे समोर चाललेले काम मला हातभर अंतरावरून दिसत होते, आणि खाण्याइतकेच ते पाहणेही मोलाचे होते.

आपल्याकडे रस्सा एकाच पातेल्यात शिजतो. काळा मसाला, तेल आणि मांस तासभर एकमेकांत मुरतात आणि वाढताना फक्त पळी बुडवावी लागते. रामेनची रीत याच्या अगदी उलट आहे. त्याचे घटक वेगवेगळे तयार करून ठेवतात आणि त्यांची भेट थेट वाडग्यातच होते. गरम केलेल्या वाडग्यात आधी ‘तारे’ जाते. हा सोया सॉस मुरवून केलेला दाट, खारट अर्क असतो आणि रामेनची मूळ चव त्याच्यातच असते. त्यावर सुवासिक तेल आणि मग उकळते सूप. त्सुताचे सूप कोंबडी, शिंपल्या आणि सुक्या मासळीचा अर्क यांच्या मिश्रणाचे होते. तोवर दुसऱ्या हाताने नूडल्स उकळत्या पाण्यातून काढून झटकलेल्या असत, त्या घडी घातल्यासारख्या सूपात उतरवल्या जात, आणि वर डुकराच्या मांसाची पातळ चकती, बांबूचे कोंब, कांद्याची पात आणि काळ्या ट्रफल अळंबीचा थोडासा लगदा ठेवला जाई. हे सारे एका मिनिटाच्या आत उरकत असे.

‘तारे’ हा शब्द ऐकताच मला आपली तर्री आठवली. उच्चारातले साम्य अर्थातच योगायोगाचे आहे. पण तर्री वर तरंगते, तारे तळाशी असते, आणि दोन्हीकडे बल्लवाचा खरा हात त्यातच कळतो, हे मात्र खरे.

“मामा, फोटो राहू द्या, आधी खा,” भाची हळूच म्हणाली. तिचे म्हणणे योग्यच होते. नूडल्सच्या पिठात कान्सुई नावाचा क्षार घालतात. तो आपल्या पापडखाराच्या जातीचा असून नूडल्सना पिवळसर छटा आणि तो विशिष्ट ताण त्याच्यामुळेच येतो. मात्र गरम सूपात हा ताण काही मिनिटेच टिकतो. म्हणून तेथे कोणी गप्पा मारीत बसत नव्हते. सगळे वाडग्यावर वाकून चक्क भुरके मारीत खात होते, आणि भुरक्याबरोबर आत जाणाऱ्या हवेमुळे सुवास नाकापर्यंत पोहोचतो. मीही तसेच केले. पहिल्या घोटाला कोंबडी, मग समुद्राचा खारेपणा आणि शेवटी ट्रफलचा ओल्या मातीसारखा वास, अशा क्रमाने चवी उलगडत गेल्या. पंधरा मिनिटांत आमचे खाणे आटोपले.

त्या दिवसापासून मला ठामपणे वाटते की, नऊ खुर्च्या ही त्या दुकानाची अडचण नव्हती, ती त्याच्या कामाची पद्धत होती. पदार्थाचे आयुष्यच दहा मिनिटांचे असेल, तर एका हाताने जेवढे वाडगे वेळेवर देता येतील तेवढीच माणसे आत घ्यावीत, हे साधे आणि प्रामाणिक गणित आहे. आपल्याकडे एखाद्या खानावळीचे नाव झाले की लोक लगेच “आता शाखा काढा” म्हणतात, आणि शाखा निघाल्यावर चव गेली म्हणून हळहळतात.

पुढे 2019 च्या अखेरीस त्सुता सुगामोहून योयोगी-उएहारा भागात गेले. सप्टेंबर 2022 मध्ये ओनिशी यांच्या निधनाची बातमी भाचीने पाठवली. त्यांचे वय अवघे 43 होते. ओट्यापलीकडे मान खाली घालून सूप ओतणारे ते हात डोळ्यांसमोर आले आणि त्या दिवशी माझे कशात लक्ष लागले नाही.

त्याच आठवड्यात मी नागपूरच्या महाल भागातील आमच्या नेहमीच्या सावजी खानावळीत गेलो. घराच्या पुढच्या खोलीत चार बाकडी, आणि आत चुलीपाशी साठी ओलांडलेल्या काकू. त्यांना मी ते दुकान, तो ओटा, तळाशी जाणारे तारे, हे सगळे सविस्तर सांगितले. भाकरी थापता थापता त्यांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “मंग खाणाऱ्याले ढवळा लागते का जी?”

वरून सूप ओतताना धारेनेच ते मिसळते, असे मी सांगितले. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि माझ्या वाटीत आणखी पळीभर तर्री सोडली.