'क्वा छाय' कुठे म्हणायचं नाही

हाँगकाँगच्या सिनेमांच्या नादानं मी सध्या कँटोनीज शिकून राहिलो, आणि मरणासाठी त्यांच्या बोलीत काय काय शब्द आहेत राजेहो! 'क्वा छाय' म्हणजे गचकला. 'तेंग' म्हणजे खिळा, शवपेटीच्या झाकणावर ठोकतात तो. 'ह्योंग चो' मधला ह्योंग म्हणजे उदबत्ती, म्हणजे माणूस आता उदबत्ती लावण्यापुरताच उरला. आणि 'माय हाम आप तान', खारवलेली बदकाची अंडी विकायला गेला! ऐकल्याबरोबर पाठ होतात, आणि भीती तीच आहे, कारण नव्यानं शिकणाऱ्याच्या तोंडात आधी हेच बसतात.

सिनेमातला गुंड दुश्मनाबद्दल 'क्वा छाय' म्हणतो, दोस्त गेममध्ये मेला की पोरं म्हणतात, तिथे ठीक आहे. पण ज्याच्या घरी मयत झाली त्याच्यासमोर 'क्वो सान', म्हणजे आपलं 'वारले', नाहीतर साधं 'चाउ चो', गेले. बस. 'फुक काय' तर मुळात रस्त्यावर पडून मर असा शाप, आता सरळ शिवी आहे, ओळख नसलेल्या माणसापुढे काढूच नका.

हे आपल्याला काही वेगळं सांगायला नको. टपरीवर 'खपला', 'आटोपला', 'विकेट पडली' सगळं चालते, लांबच्या माणसाबद्दल. नागपूरच्या गंगाबाई घाटावर, स्मशानात, एकदा एकजण फोनवर 'हो बे, म्हातारा आटोपला' असं मोठ्यानं बोलून राहिला होता आणि चार पावलांवर मुलगा खांद्यावर मडकं घेऊन फेरा मारत होता. पोराची मान तेवढी वळली. मला आजही त्या फोनवाल्याचा राग येतो. शब्द तोच, टपरीवर कोणी लक्षही दिलं नसतं. आणि याच नागपुरात बौद्ध घरची पत्रिका असली की आपण न सांगता गेलेल्याच्या नावाआधी 'कालकथित' लिहितो, कैलासवासी नाही लिहीत, म्हणजे कोणाच्या घरी काय म्हणायचं हे आपल्याला चांगलं कळते.

घरच्या म्हाताऱ्या माणसांशी पुढचं बोलायचं असलं, घर कोणाच्या नावावर, विधी कसे करायचे, तर कँटोनीजमध्ये मरणाचं नावच काढत नाहीत, 'पाक निन' म्हणजे शंभर वर्षं, तुमची शंभर वर्षं झाल्यावर असं विचारतात. आपल्याकडे आजी 'माझ्या माघारी' म्हणते ना, तसंच. शिकणाऱ्यानं बदकाची अंडी राहू द्यावी आणि आधी हा शब्द पाठ करावा.